रॉबर्ट नॉईस : पाचशे डॉलरचे शेअर्स आणि ऑफर लेटरमधला शेवटचा आकडा

ऑफर लेटर आलं की आपण सगळे आधी सगळ्यात खालचा आकडा बघतो. त्याच्या वर बेसिक, एचआरए, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस आणि हल्ली स्टॉक अशा ओळी असतात. पगार आणि बोनसच्या ओळी कशाबशा समजतात, पण स्टॉकची ओळ आली की मी ज्यांच्याबरोबर काम करतो ते चांगले चांगले इंजिनियरही गप्प होतात. एचआरने दिलेला आकडा बेरजेत धरायचा, की शून्य धरायचा?

या प्रश्नासाठी आज एका माणसाची गोष्ट सांगतो. रॉबर्ट नॉईस. तुमच्या फोनमधल्या प्रत्येक चिपवर त्याचं ऋण आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण इंजिनियरच्या पगारात शेअर्स असावेत हा रिवाज सिलिकॉन व्हॅलीत रुजवण्यातही त्याचा मोठा वाटा आहे. स्टॉक ऑप्शन त्याने शोधले नाहीत. अमेरिकेत मोठ्या साहेबांना ते आधीपासून मिळत होते. १९५० च्या एका करकायद्यानंतर तर ते फारच सोयीचे झाले, कारण तेव्हा वरच्या स्लॅबला आयकर ९१ टक्क्यांपर्यंत जायचा आणि भांडवली नफ्यावरचा कर फार तर २५ टक्के असायचा. नॉईसच्या पिढीने हे ऑप्शन साहेबांच्या केबिनमधून बाहेर, लॅबच्या टेबलापर्यंत आणले. आणि या व्यवहारात तो टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला आहे. म्हणून त्याचं आयुष्य इथे उपयोगी पडतं.

पाद्रीबाबांचा मुलगा

नॉईसचा जन्म १२ डिसेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वडील चर्चमध्ये पाद्री, चार भावांत हा तिसरा. घरात पैसा बेताचाच. वाढला ग्रिनेल नावाच्या छोट्या गावात आणि तिथल्याच ग्रिनेल कॉलेजात शिकला. १९४८ साली होस्टेलच्या पार्टीसाठी त्याने जवळच्या एका शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं. शेतीप्रधान आयोवात हा गंमतीचा विषय नव्हता. कॉलेजने त्याला एका सत्रासाठी काढून टाकलं. ते महिने त्याने न्यूयॉर्कला इक्विटेबल लाइफ या विमा कंपनीच्या ॲक्च्युअरी विभागात काढले. म्हणजे भविष्यात मिळू शकणाऱ्या पैशाची आजची किंमत काय, हे आकडेमोड करून ठरवणाऱ्या लोकांमध्ये. शिक्षा म्हणून वाट्याला आलेलं हे काम या लेखाच्या विषयाशी इतकं जुळतं की मी रचून सांगतोय असं वाटेल, पण ते खरं आहे.

परत येऊन त्याने १९४९ मध्ये पदवी घेतली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी बेल लॅब्जमधून अगदी सुरुवातीचे ट्रान्झिस्टर मिळवले होते, त्यामुळे या पोराला ते वेड तिथेच लागलं. मग एमआयटी, १९५३ मध्ये पीएचडी, फिलाडेल्फियाला फिल्को कंपनीत नोकरी. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉकली, याच्या नव्या लॅबमध्ये काम करायला तो कॅलिफोर्नियात आला. असं सांगतात की पोचल्यावर त्याने आधी घर विकत घेतलं आणि मग मुलाखतीला गेला. इतका आत्मविश्वास असलेल्या उमेदवाराशी पगाराची बोलणी करणं एचआरला जडच गेलं असतं.

आठ जण, प्रत्येकी ५०० डॉलर

शॉकली शास्त्रज्ञ म्हणून मोठा, बॉस म्हणून असह्य. सप्टेंबर १९५७ मध्ये नॉईससह आठ जण एकदम बाहेर पडले. गुंतवणूक मिळवून द्यायला आर्थर रॉक नावाचा एक तरुण बँकर मदतीला होता. बऱ्याच कंपन्यांनी नकार दिल्यावर शर्मन फेअरचाइल्ड तयार झाला. हा गृहस्थ आयबीएमचा सगळ्यात मोठा वैयक्तिक शेअरहोल्डर होता, त्यामुळे पैशाची चणचण नव्हती. त्याच्या फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंट कंपनीने सुमारे १३ लाख ८० हजार डॉलर देऊ केले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली.

आता करार नीट बघू, कारण आपलं सगळं शिक्षण त्यातच आहे. आठही जणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून १०० शेअर्स घेतले, म्हणजे शेअरला ५ डॉलर. नॉईसकडे तेवढे रोख नव्हते. त्याने आजीकडून उसने घेतले. पुढे नेमायच्या लोकांसाठी ३०० शेअर्स बाजूला ठेवले, म्हणजे आज ज्याला आपण ईसॉप पूल म्हणतो तेच. पण करारात एक कलम होतं : ठरलेल्या मुदतीत ३० लाख डॉलर मोजून सगळे शेअर्स विकत घ्यायचा हक्क मूळ कंपनीकडे राहील.

आपल्याला ऑप्शन म्हटलं की 'मला स्वस्तात घ्यायचा हक्क' एवढंच डोळ्यांसमोर येतं. इथे ऑप्शन समोरच्याकडे होता. धंदा बुडाला असता तर मूळ कंपनीने हात झटकले असते आणि आठ जणांचे ५०० डॉलर गेले असते. धंदा ३० लाखांच्या वर गेला, तर मात्र वरचं सगळं मूळ कंपनीचं. आठ जणांचा फायदा वरून झाकण लावून बंद केलेला होता.

१९५९ मध्ये मूळ कंपनीने तो हक्क वापरला. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे अडीच लाख डॉलर किमतीचे मूळ कंपनीचे शेअर्स आले. दोन वर्षांत पाचशे पट. आजीचे ५०० डॉलर फिटले.

हे वाचून बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, वा! मला मात्र तारीख महत्त्वाची वाटते. त्याच १९५९ च्या जुलैमध्ये नॉईसने इंटिग्रेटेड सर्किटच्या पेटंटचा अर्ज केला होता. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, हे त्याचं डिझाइन. त्याला आधार होता सहकारी जाँ होर्नी याच्या प्लेनर पद्धतीचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीने १९५८ मध्ये वेगळ्या वाटेने तीच कल्पना करून दाखवली होती, पण कारखान्यात हजारोंनी बनवता येईल अशी वाट नॉईसची होती. पेटंट एप्रिल १९६१ मध्ये मिळालं आणि नोकरीच्या रिवाजाप्रमाणे ते कंपनीचं झालं. म्हणजे कंपनीची किंमत जिच्यामुळे ३० लाखांच्या कितीतरी वर जाणार होती, ती वस्तू हातात आली त्याच वर्षी हे आठ जण मालकाचे नोकर झाले.

तेव्हा तुमच्या लेटरमध्ये 'कंपनी ठरलेल्या किमतीला शेअर्स परत घेऊ शकते' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर बेरजेत वरची मर्यादा आधी लिहा. स्वप्नातला आकडा नंतर.

दुसऱ्या रांगेतले लोक

१९५९ नंतर फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरला नोकरीला लागलेल्या इंजिनियरचं काय? स्वतंत्र शेअर्स आता उरलेच नव्हते. कॅलिफोर्नियात कमावलेला नफा न्यूयॉर्क राज्यातल्या मुख्यालयाकडे जायचा, कॅमेऱ्यांच्या धंद्यात मुरलेले लोक तिथे निर्णय घ्यायचे आणि ऑप्शन्स मोजक्यांच्या पदरात पडायचे. १९६१ मध्ये आठांपैकी चौघे बाहेर पडले. १९६७ मध्ये उत्पादन सांभाळणारा चार्ल्स स्पोर्क नॅशनल सेमीकंडक्टरला गेला आणि बरोबर माणसंही गेली. नॉईस तोवर मॅनेजमेंटमध्ये होता. आपली माणसं एकेक करून जाताना बघायची आणि त्यांना थांबवायला हातात शेअर नाही, ही त्याची अवस्था.

इथे जरा विषयांतर करतो. मी आधी ज्या स्टार्टअपमध्ये होतो तिथे एका सहकाऱ्याचे ऑप्शन्स पूर्ण व्हेस्ट झाले होते, म्हणजे ते घ्यायचा हक्क पक्का झाला होता. त्याने राजीनामा दिल्यावर कळलं की ९० दिवसांत पैसे भरून शेअर्स घ्या, नाहीतर हक्क संपला. शेअर्स बाजारात विकता येणारे नव्हते. भरायचे पैसे मात्र खरेखुरे होते. त्याने ते सोडून दिले. चार वर्षं तो घरी 'माझं पॅकेज एवढं' म्हणून जो आकडा सांगायचा, त्यातला तिसरा हिस्सा असा हवेत गेला. यात कंपनीने कायदा मोडला नाही. अट कागदावर होतीच.

१९६८ मध्ये मूळ कंपनीने मुख्य पदासाठी नॉईसला डावललं आणि त्याने गॉर्डन मूरबरोबर नवी कंपनी काढली. इंटेल. तारीख १८ जुलै १९६८.

इंटेल : एकाच कंपनीचे तीन भाव

पुन्हा आर्थर रॉक. यावेळी २५ लाख डॉलर उभे राहिले ते परिवर्तनीय डिबेंचरमधून. सोप्या भाषेत, हे आधी कर्ज असतं आणि मालकाची इच्छा झाली तर ठरलेल्या भावाने त्याचे शेअर्स करता येतात. इथे तो भाव होता ५ डॉलर. नॉईस आणि मूर यांनी मात्र १ डॉलर भावाने प्रत्येकी २,४५,००० शेअर्स घेतले. फेअरचाइल्डमधून झालेल्या कमाईतला मोठा भाग पुन्हा पणाला.

लक्षात घ्या, एकच कंपनी, एकच वर्ष, पण भाव दोन. पाच डॉलरवाल्याला कंपनी बुडाली तर कर्ज देणारा म्हणून आधी पैसे मागता येणार होते. एक डॉलरवाला शेवटी. पाच डॉलर त्या सुरक्षेसाठी होते. आजही नेमकं हेच होतं. स्टार्टअपचं 'व्हॅल्युएशन' बातमीत येतं ते गुंतवणूकदारांच्या भावावरून. त्यांच्या शेअर्सना पैसे परत मिळण्यात अग्रक्रम असतो. तुमचे शेअर्स साधे असतात. तरी एचआर तुमच्या ऑप्शन्सना गुंतवणूकदारांच्या भावाने गुणून मोकळं होतं.

आणि तिसरा भाव म्हणजे ऑप्शनधारकाचा. इंटेलने सुरुवातीपासून इंजिनियर आणि बहुतेक ऑफिस कर्मचाऱ्यांना ऑप्शन्स दिले. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी शेअर घ्यायचा हक्क तो. त्यामुळे त्याची किंमत म्हणजे बाजारभाव वजा तो ठरलेला भाव. बाजारभाव खाली असेल तर शून्य.

नफ्यातला वाटा, म्हणजे बोनस, देण्यापेक्षा नॉईसला ऑप्शन बरे वाटत. त्याचं कारण मला पटतं. या वर्षीच्या नफ्यावर बोनस मिळणार असेल तर माणूस जे आज विकलं जातंय त्यालाच चिकटून बसतो, ज्याचं फळ पाच वर्षांनी येईल त्या प्रयोगात कशाला वेळ घालवेल? शेअरची किंमत मात्र पुढच्या अपेक्षांवर ठरते. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला तेव्हा तो लगेच नफ्याचा डोंगर नव्हता. व्हेरिएबल पेच्या टार्गेटमध्ये तो बसला नसता.

पण याची दुसरी बाजू नॉईसच्या भक्तांना सांगायला आवडत नाही. ऑप्शन दिल्याने कंपनीची रोकड वाचते आणि जोखमीचा एक तुकडा कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडतो. नॉईसच्या अंगावर ती जोखीम आली तेव्हा त्याच्या गाठीला अडीच लाख डॉलर कमावल्याचा अनुभव होता. पहिल्या नोकरीतल्या टेक्निशियनकडे काय होतं? त्याला ऑप्शन म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली.

आता आपलं ऑफर लेटर

एका मित्राचं लेटर (आकडे गोल करून) असं होतं : फिक्स्ड १८ लाख, व्हेरिएबल १,८०,०००, जॉइनिंग बोनस २ लाख, ईसॉप ८ लाख. खाली एकूण : २९ लाख ८० हजार. त्याला गृहकर्जासाठी बजेट ठरवायचं होतं आणि डोक्यात तीस लाख बसले होते.

आधी ईसॉप. आठ लाख म्हणजे २,००० ऑप्शन्स गुणिले गुंतवणूकदारांचा ४०० रुपये भाव. पण ठरलेला भाव, म्हणजे एक्सरसाइज प्राइस, होता १५० रुपये. तो वजा केल्यावर कागदावरची किंमत ५ लाख. तीही चार वर्षांत मिळून, त्यामुळे वर्षाला सव्वा लाख. पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही.

मग पहिल्या वर्षाची बेरीज : १८ लाख अधिक १.८ अधिक २ अधिक १.२५, म्हणजे २३ लाख ५ हजार. जॉइनिंग बोनस एकदाच असतो (वर्षाच्या आत सोडलं तर परतही करायचा असतो), त्यामुळे दुसऱ्या वर्षी २१ लाख ५ हजार. व्हेरिएबल पूर्ण मिळालं असं धरून. आणि कंपनी लिस्टेड नसेल तर त्यातले सव्वा लाख खर्चायला मिळत नाहीत, म्हणून ईएमआयच्या हिशेबात आकडा १९ लाख ८० हजारच. त्यातही फिक्स्डमध्ये कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी घातलेली असते, ती दरमहा खात्यात येत नाही. ग्रॅच्युइटीला तर साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं.

अजून कर राहिला. आपल्याकडे ऑप्शन वापरून शेअर्स घेतले की त्या दिवसाची किंमत वजा भरलेला भाव ही रक्कम पगारातलं उत्पन्न धरली जाते. शेअर विकला नसला तरी. चार वर्षांनी मित्राने सगळे घेतले आणि भाव ४०० च राहिला, तर भरायचे ३ लाख, शिवाय ५ लाखांवर आयकर. ३० टक्क्यांच्या स्लॅबने दीड लाख, वर सेस. म्हणजे साडेचार लाखांहून जास्त खिशातून काढून विकता न येणारे शेअर्स घ्यायचे. नंतर विकताना भाव वाढला असेल तर त्या वाढीवर भांडवली नफ्याचा कर वेगळा.

आरएसयूचं गणित सोपं असतं, कारण तिथे भाव भरायचा नसतो. व्हेस्ट झाल्या दिवशी शेअर मिळतो आणि त्याची त्या दिवसाची पूर्ण किंमत पगार म्हणून करपात्र होते. लिस्टेड कंपनीच्या आरएसयूला मी बोनससारखं धरतो. स्वतःला एकच प्रश्न विचारतो : एवढी रोख मिळाली असती तर मी याच कंपनीचे शेअर्स घेतले असते का? नसतील घेतले, तर व्हेस्ट झाले की विकावेत. अनलिस्टेड ऑप्शन्स मी घरखर्चाच्या हिशेबात शून्य धरतो आणि दोन ऑफर्समध्ये निवड करताना मात्र विचारात घेतो. ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ मध्ये आलं, ते कुणी तुमच्यासमोर ठेवलं तर एवढंच आठवा की ते बाजारात विकता येणाऱ्या ऑप्शन्ससाठी आहे. तुमचे विकता येत नाहीत, म्हणून ते उत्तर जास्तच येतं.

कागद आणि रोख

इंटेलचे शेअर्स १३ ऑक्टोबर १९७१ ला साडेतेवीस डॉलर भावाने बाजारात आले. कंपनीला ६८ लाख डॉलर मिळाले. पण कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आता समोर गिऱ्हाईक होतं. तीन वर्षं ज्याला किंमत होती पण खरेदीदार नव्हता, तो कागद विकता येऊ लागला.

नॉईसने आपल्या जुन्या कॉलेजलाही यात ओढलं होतं. तो ग्रिनेलच्या विश्वस्त मंडळावर होता. कॉलेजकडून इंटेलमध्ये ३ लाख डॉलर गुंतवले गेले. विश्वस्तांमध्ये वॉरन बफेही होते, ज्यांना तंत्रज्ञानाचे शेअर्स फारसे आवडत नसत. १९७४ मध्ये कॉलेजने तो हिस्सा विकला तेव्हा १ कोटी ४० लाख डॉलर आले. डुक्कर वसूल झालं म्हणायचं.

तेच १९७४ इंटेलच्या आतल्या लोकांसाठी वाईट होतं. बाजार कोसळला, मंदी आली, इंटेलला माणसं कमी करावी लागली. ज्यांना चढ्या भावाने ऑप्शन मिळाले होते त्यांचे कागद त्या काळात निरुपयोगी झाले आणि ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी व्हेस्टिंगचं घड्याळच थांबलं. पगार आणि स्टॉक एकाच कंपनीकडून येत असतील तर दोन्ही एकाच दिवशी जाऊ शकतात. बेरीज करताना ही गोष्ट आकड्यात दिसत नाही.

नॉईसच्या घरीही त्याच वर्षी हिशेब झाला. पत्नी एलिझाबेथबरोबर घटस्फोट. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लग्नानंतर कमावलेली संपत्ती दोघांची निम्मी निम्मी. आजीच्या ५०० डॉलरपासून वाढलेल्या शेअर्सनाही तोच नियम. एलिझाबेथ आपला वाटा घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यात गेली आणि पुढे तिथली मोठी दानशूर म्हणून ओळखली गेली. शेअर्स सांभाळायला रात्रंदिवस ऑफिसात बसलेला माणूस घरी कमी असायचा, हा खर्च कुठल्याच लेटरमध्ये लिहीत नाहीत.

१९७५ मध्ये त्याने इंटेलचं मुख्य पद सोडलं, १९७९ पर्यंत चेअरमन राहिला. पुढे जपानी चिप कंपन्यांनी अमेरिकेला मागे टाकलं तेव्हा अमेरिकन कंपन्या आणि सरकार यांनी मिळून सेमाटेक ही संशोधन संस्था काढली. १९८८ मध्ये साठी उलटलेला नॉईस तिचा प्रमुख होऊन टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहायला गेला. संस्था नफ्यासाठी नव्हती, तिथे ना शेअर ना ऑप्शन. पोहणं ही त्याची जन्मभराची आवड होती. ३ जून १९९० ला सकाळी घरच्या तलावात पोहून झाल्यावर हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय ६२. २००० साली इंटिग्रेटेड सर्किटसाठी नोबेल मिळालं ते किल्बीला. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. किल्बीने नॉईसचं श्रेय तेव्हा जाहीरपणे मान्य केलं. मागे राहिलेल्या पैशातून कुटुंबाने नॉईसच्या नावाने एक प्रतिष्ठान सुरू केलं, आणि त्याने शाळांमधलं गणित आणि विज्ञान सुधारायचं काम पंचवीस वर्षं केलं.